अजगराच्या पेटीतील हवामान

पाळीव प्राणी म्हटले की आपल्या घरांत कुत्रा, मांजर, फार तर काचेच्या हंडीतील मासे, एवढ्यावरच यादी संपत असे. अलीकडे तीत अशा एका पाहुण्याची भर पडली आहे, की ज्याचे नाव काढताच वडीलधारी मंडळी पाय वर घेऊन बसतात. हा पाहुणा म्हणजे ‘बॉल पायथन’ या नावाने ओळखला जाणारा, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहानखुरा अजगर. लांबी साधारण ३ ते ५ फूट, विष नाही, स्वभाव भित्रा. भ्याला की डोके आत घेऊन तो चेंडूसारखा गुंडाळून बसतो, आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. नीट निगा राखली तर तो २० ते ३० वर्षे जगतो. म्हणजे हौस मुलाची असली, तरी मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला की पेटी आईच्याच पदरी पडते. म्हणूनच हा विषय आम्ही घरातील सर्वांचा मानतो.

आधी कायद्याविषयी. आपल्या देशातील नाग, धामण किंवा अजगर घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी मोकळा नाही. २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्याची वनखात्याकडे ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंद करावी लागते. ती नसेल, तर पुढील सर्व मजकूर वाचण्यापूर्वी ते काम करावे.

आता मुख्य मुद्दा. या सापाच्या खाण्याची आणि उबेची काळजी बहुतेक जण घेतात. उपेक्षा होते ती हवेतील ओलाव्याची, कारण ओलावा डोळ्यांना दिसत नाही. रानात हा साप दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत पडून असतो. बाहेर माळ कोरडा असला, तरी बिळातील हवा दमट राहते. पेटीत ठेवलेल्या सापाला असे बीळ शोधण्याची सोय नाही. जी हवा आपण देऊ, ती त्याने सोसायची.

ती कोरडी असली तर काय होते, हे कात टाकतेवेळी कळते. ‘कात टाकणे’ हा आपल्या भाषेत नव्या उमेदीचा वाक्प्रचार आहे; सापाला मात्र ते काम कष्टाचे असते. आधी अंग निस्तेज होते, डोळे निळसर दुधी दिसतात, पुढे ते निवळतात आणि काही दिवसांत कात निघते. निरोगी सापाची कात मोज्यासारखी उलटी होऊन अखंड उतरते. कोरड्या हवेत तिचे तुकडे पडतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघायला हवा. तो तसाच राहिला तर डोळ्याला अपाय होतो. शेपटीच्या टोकाला कातीचे कडे अडकून राहिले, तर रक्त अडून ते टोक गळूनही पडते.

या सापाच्या पेटीत एरवी ५५ ते ७० टक्के आर्द्रता असावी आणि कात टाकण्याच्या दिवसांत ती ७० च्या वर न्यावी. पेटीची उबदार बाजू सुमारे ३२ अंश आणि थंड बाजू २६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हवा तापली की तिची पाणी धरण्याची शक्ती वाढते आणि आर्द्रतेचा आकडा घसरतो. २५ अंशांवर ६० टक्के आर्द्र असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर तोच आकडा सुमारे ४० वर येतो. म्हणून दिवा लावून ऊब देणाऱ्याने पाण्याचाही विचार केलाच पाहिजे.

अंदाजावर विसंबू नये. आर्द्रतामापक घ्यावा आणि तो झाकणाला न चिकटवता साप जेथे बसतो त्या पातळीवर ठेवावा. तो खरे बोलतो की नाही, हे स्वयंपाकघरातील मिठाने तपासता येते. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते जेमतेम चिखलासारखे होईल एवढेच पाणी घालावे आणि मापकासह घट्ट झाकणाच्या डब्यात एक दिवस ठेवावे. आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक पडेल, तेवढा पुढे हिशेबात धरावा.

आमचे वाचक निरनिराळ्या हवामानांत राहतात, तेव्हा सर्वांना एकच उपाय सांगून चालणार नाही. ग्वाल्हेर-इंदूरकडे उन्हाळ्यातील दुपारी हवा अगदी कोरडी होते. तेथील जुन्या घरांत वाळ्याच्या ताट्या भिजवून खोली निववीत, तत्त्व तेच. पेटीत नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे बाजारातील कोकोपीट, चार बोटे जाड पसरावा आणि कोपऱ्यांतून पाणी सोडावे. खालचा थर ओलसर आणि वरचा कोरडा राहिला पाहिजे. जाळीचे झाकण निम्मेअधिक झाकावे. पाण्याचे पसरट भांडे उबदार बाजूस सरकवावे. ऑर्किडसाठी मिळणारे सुके शेवाळ भिजवून, पिळून एका भोकाच्या डब्यात भरावे. कात टाकताना साप आपण होऊन त्यात शिरतो. नुसते पाणी फवारल्याने आकडा तासाभरासाठी वर जातो आणि पुन्हा खाली येतो.

गोव्यात किंवा बेळगावकडे पावसाळ्यात अडचण उलटी असते. तेथे ओलावा आणायचा नसून खेळती हवा ठेवायची असते. झाकण मोकळे ठेवावे, भुसा वरचेवर बदलावा, बुरशी दिसताच सगळे काढून टाकावे. ओल आणि गारठा एकत्र आले की सापाच्या श्वसनमार्गाला रोग जडतो: श्वासाला घरघर लागते, तोंडाशी बुडबुडे येतात. सतत ओल्या जमिनीवर पोटाचे खवले लालसर होऊन फोड येतात. अशा वेळी घरगुती उपचार न करता पशुवैद्यांकडे जावे.

कात अडकली तर ती ओढून काढू नये. डोळ्यावरची तर मुळीच नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या पंचातून सापाला हळूहळू सरकू द्यावे, म्हणजे कात आपोआप सुटते. तरीही डोळ्यावर राहिली, तर तेही काम पशुवैद्यांचेच.

नागपंचमीला सापापुढे दुधाची वाटी ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. साप दूध पचवू शकत नाही. गारुड्याने दिवसचे दिवस तहानेले ठेवल्यामुळे तो मिळेल ते पितो. आपल्या घरातील पेटीत तशी तहान कोणाच्या वाट्यास येऊ नये. यासाठी मुलाने परगावी जाण्यापूर्वी पेटीशेजारी एक वही टांगावी. सकाळ-संध्याकाळचे आकडे, पाणी घातल्याचा दिवस आणि कात टाकल्याची तारीख तीत लिहावी, आणि आईला ती वाचायला शिकवूनच घर सोडावे.