रिकाम्या खोलीतली परीक्षा

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दिलसुखनगरहून फोन आला. घर मूळचं नांदेडकडचं, दोन पिढ्यांपासून हैदराबादेत. गौरींपुढे चौरंगावर मांडलेलं नैवेद्याचं ताट घरच्या लॅब्रॅडॉरने रिकामं केलं होतं. आरतीनंतर सगळे पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला गेले, तेवढ्या वेळात हे झालं. पुरणपोळी गेली त्याचं फारसं काही नाही. पण ताटात बेदाणे घातलेले रव्याचे लाडू होते. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. लाडवांची गोष्ट डॉक्टरांना वेळेत कळली, उलटी करवली, सलाइन लागलं, आणि कुत्रा वाचला.

या कुत्र्याला आधी शिकवून गेलेला प्रशिक्षक मीच होतो. तो बसायचा, थांबायचा, ‘लीव्ह इट’ म्हटलं की नाकासमोरच्या बिस्किटावरून तोंड फिरवायचा. शेवटच्या दिवशी घरच्यांनी त्याचा व्हिडिओ काढला होता. पण हे सगळं मी समोर उभा असताना. मी नसताना, कोणीच नसताना तो काय करतो, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. आणि कुत्रा खाणं पळवतो तो नेमका त्याच वेळी.

गणपती महिन्यावर आले आहेत, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. घरात शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे ‘ताटातलं पळवतो’, ‘ओट्यावर पाय टाकतो’, ‘टेबलावर चढून बसतो’ या तक्रारी सतत येतात, आणि आपलं उत्तर बहुतेक वेळा अपुरं पडतं असं मला वाटतं.

याला ‘चोरी’ म्हणणं आधी सोडून देऊ. कुत्र्याच्या लेखी ते सापडलेलं अन्न असतं. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं, की मनाई केलेला खाऊ कुत्रे उचलतात ते माणसाने पाठ फिरवली, डोळे मिटले किंवा तो दुसऱ्या कामात गुंतला की जास्त. युलियाने कामिन्स्की यांच्या 2013 च्या अभ्यासात तर खाऊभोवती अंधार असला की कुत्रे अधिक धीट झाले. म्हणजे आपल्या ‘लीव्ह इट’मधून कुत्रा पुष्कळदा एवढंच शिकतो, की हा माणूस बघत असताना घ्यायचं नाही. तेही शिकणंच आहे, पण घरच्यांनी आपल्याला बोलावलं होतं ते त्यासाठी नाही.

आपल्यापैकी बरेच जण पोलीस किंवा लष्कराच्या श्वानपथकांतून या व्यवसायात आले. हैदराबादजवळ मोईनाबादला तर पोलीस श्वानांचं मोठं प्रशिक्षण केंद्रच आहे. तिथली अन्न नाकारण्याची तालीम पक्की असते, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण पथकातला कुत्रा दिवसभर हँडलरजवळ आणि रात्री केनेलमध्ये असतो. त्याच्या केनेलमध्ये दूध उतू जात नाही, मटणाचं पातेलं झाकायचं राहून जात नाही. घरातला कुत्रा स्वयंपाकघराच्या दारातच झोपतो. मैदानावरची तालीम तशीच्या तशी या घरात आणली की ती कमी पडते, यात नवल नाही.

परदेशी पुस्तकांतली उंचीही आपल्या कामाची नाही. त्यांचा सगळा भर कमरेएवढ्या ओट्यावर. आपल्याकडे अन्न जमिनीलगत असतं. पाटापुढचं ताट, चौरंगावरचा नैवेद्य, टीपॉयवरची चकली, फरशीवर ठेवलेली परात. उंच कारवानसाठी ओटा काही फार नाही, पण चौरंगापर्यंत पोचायला पगसुद्धा पुरतो. म्हणून टेबलापाशी न घेण्याचा धडा चौरंगावर आपोआप लागू होईल असं धरून चालता येत नाही. प्रत्येक उंचीवर तो नव्याने द्यावा लागतो.

मग करायचं काय? पहिलं काम कुत्र्याचं नाही, घरच्यांचं आहे. वीस खेपांत एकदा जरी ओट्यावर पोळी मिळाली, तरी कुत्रा पुढच्या वीस खेपा घालतो. फर्स्टर आणि स्किनर यांचं बक्षिसांच्या वेळापत्रकांवरचं पुस्तक 1957 चं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते, हे निदान तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे. म्हणून शिकवण्याच्या काळात ओटा रिकामा, केराच्या डब्याला झाकण, स्वयंपाकघराला दार नसेल तर लहान मुलांसाठी मिळतं तसलं जाळीचं फाटक, आणि घरात कोणी नसताना कुत्रा दुसऱ्या खोलीत. यात ढिलाई झाली की पुढचं सगळं शिकवणं पाण्यात जातं.

मिळणं बंद झाल्यावर पहिले काही दिवस कुत्रा आधीपेक्षा जास्त उड्या मारतो, भुंकतो, ओट्याला नखं लावतो. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं नाही, तर ते तिसऱ्या दिवशी ‘सर, हा बिघडत चाललाय’ म्हणून फोन करतात आणि चौथ्या दिवशी कंटाळून एक तुकडा टाकतात. मग कुत्रा शिकतो की आणखी जोर लावला की मिळतं.

दुसरं काम, कुत्र्याला जागा आणि तिच्यासाठी एकच शब्द देणं. दिलसुखनगरच्या त्या घरात नातू ‘नो’ म्हणायचा, आजी ‘हाड्’ म्हणायच्या, स्वयंपाकाला येणाऱ्या बाई तेलुगूत ‘वद्दु’, आणि वडील हैदराबादी ‘नक्को’. हा दखनी ‘नक्को’ आपल्याच ‘नको’वरून गेलेला, त्यामुळे एक ‘नको’ ठरवून टाकावा असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, की हा शब्द त्या घरात दिवसभर भाजीवाल्याला, पोरांना, टीव्हीला उद्देशून चाललेला असतो. कुत्र्याच्या कानाला त्याचा काही अर्थ उरलेला नाही. शिवाय ‘नको’ काय करू नये ते सांगतो, काय करावं ते सांगत नाही. शेवटी ‘चटई’ हा शब्द ठरला. तो मराठीत आहे, दखनीतही आहे, बाईंनाही कळतो. पानं मांडली की कुत्रा दारातल्या चटईवर, आणि त्याचा खाऊ फक्त तिथे, जमिनीवर. टेबलावरून किंवा ताटातून काहीही नाही, अगदी प्रेमाने दिलेला घासही नाही.

चटईवर तो जेवण संपेपर्यंत टिकू लागला की खरी परीक्षा सुरू होते. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात खाऊ ठेवायचा, म्हणजे चूक झाली तरी हाती काही लागत नाही. पाठ फिरवायची, परतून चटईवर बक्षीस द्यायचं. मग दोन सेकंद खोलीबाहेर. मग दहा. मग दार ओढून, आणि आत फोनचा कॅमेरा चालू ठेवून. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वेळ वाढवला तर वास वाढवायचा नाही. कोरड्या पोळीपासून मटणापर्यंत जायला त्या लॅब्रॅडॉरला सात आठवडे लागले. रिकाम्या खोलीतला व्हिडिओ पाहिल्याशिवाय आता मी कुठल्याही घराला ‘झालं’ म्हणत नाही.

तोंडात धरलेली वस्तू काढून घेण्याबद्दल एकच सांगतो. मागे धावू नका. धावलं की खेळ होतो, ओढलं की कुत्रा घाईने गिळतो. बिर्याणीतलं शिजलेलं हाड, आंब्याची कोय, मक्याचं कणीस अशा गोष्टी गिळणं जीवावर बेतू शकतं. त्याहून आवडती वस्तू पुढे करून अदलाबदल करायची सवय आधीपासून लावलेली असली पाहिजे.

दिलसुखनगरच्या त्या आजी मला म्हणाल्या, ‘सर, कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले. मी ह्याला मारू कसं?’ त्यांचा मुलगा म्हणाला, ‘शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.’ ही दोन्ही वाक्यं आपण घरोघर ऐकतो. मला आजींचं पटतं. नामदेवांचं गाव मानलं जाणारं हिंगोलीचं नरसी 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं, आणि ती कथा त्या घराने तिकडूनच बरोबर आणली आहे. तिच्यात कुत्र्याच्या भुकेकडे आधी पाहिलं आहे. आपणही आधी भूकच तपासायला हवी. अचानक हावरेपणा वाढला तर जंत, मधुमेह, स्वादुपिंडाचा आजार, कुशिंग यांची शक्यता असते. प्रेडनिसोलोन किंवा फिनोबार्बिटल चालू असेल तर भूक वाढतेच. असा कुत्रा शिकवायला घेण्याआधी पशुवैद्याकडे पाठवायचा. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तर केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांच्या गटाने 2016 साली दाखवलं, की साधारण चारातल्या एकात पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्याची खाण्याची ओढ जास्त असते. अपंगांच्या मदतीसाठी निवडलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हे प्रमाण चारात तीन होतं. चौरंगाकडे नेणारी ही ओढ त्याला शिकायलाही उत्सुक ठेवत असावी. वाकड्या शेपटाची म्हण या कुत्र्यांना लागू नाही.

आता मारण्याबद्दल. ओट्यावर उंदराचा सापळा लावणं, पोळीत तिखट भरून ठेवणं, गळ्यात विजेचा पट्टा बांधणं असे उपाय आपल्याच व्यवसायातले काही लोक सुचवतात. मी त्यांना स्पष्ट विरोध करतो. नंतर आणून ताटापुढे उभं करून रागावण्यालाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर तपासलं, तेव्हा ‘अपराधी’ चेहरा रागावल्यावर दिसला, खाऊ खाल्ला होता की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कान पाडून बसलेला कुत्रा चूक कबूल करत नसतो, आपल्याला घाबरलेला असतो. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे. आपल्याकडे 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. घरच्यांनी मागणी केली तरी ‘हे मी करणार नाही’ असं सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो वापरायला हवा.

टेबलावर चढणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला खाणंच हवं असतं असं नाही. लहान फ्लॅटमध्ये खिडकीबाहेरचं दिसणारी जागा पुष्कळदा टेबल हीच असते. अशा कुत्र्याला खिडकीपाशी त्याचा दिवाण द्या, खुर्च्या आत सरकवा, आणि गळपट्टा धरून ओढण्याऐवजी हाताच्या मागे ‘खाली’ उतरायला शिकवा. आठवडाभर घरच्यांना नोंद ठेवायला सांगा, की तो टेबलावर कधी चढतो आणि वर जाऊन काय बघतो. उत्तर त्या कागदावरच सापडतं.

या महिन्यात एवढं करा. तुमच्याकडे शिकलेल्या प्रत्येक घरी गणपतीआधी एकदा जेवणाच्या वेळी जा. पानं कुठे मांडतात, नैवेद्य कुठे ठेवतात, कुत्र्याची चटई कुठे आहे ते पाहा. बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट, झायलिटॉल घातलेलं च्युइंगम, शिजलेली हाडं आणि आंब्याची कोय यांची यादी मराठीत, आणि घरात तेलुगू वाचणारं कोणी असेल तर तेलुगूतही लिहून फ्रिजवर लावा, खाली जवळच्या पशुवैद्याचा नंबर लिहा. आणि मग कॅमेरा चालू ठेवून सगळ्यांना खोलीबाहेर न्या.