मोटारीचे अभ्यंग

तेल अंगाला लावणे आणि तेल अंगात जिरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली वडील मंडळी झोपाळू मुलांना हे मोठ्या चिकाटीने पटवून देतात. दारातल्या मोटारीच्या बाबतीत मात्र हीच वडील मंडळी निर्धास्त असतात. दांडी काढून पाहिली, तेल खुणेपर्यंत आहे, म्हणजे झाले! इंजिनच्या पोटात तेल असणे आणि ते हवे तिथे पोचणे यांत केवढे अंतर आहे, हे यंदा आमच्या शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांच्या गाडीने सगळ्या बिऱ्हाडांना शिकवले.

गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमिअर पद्मिनी. मुंबईच्या टॅक्सीतून ही गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली; हौशी मालकांच्या दाराशी मात्र ती अजून उभी दिसते. मास्तरांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून ती घेतली होती. थोरली मुलगी याच गाडीतून सासरी गेली आणि बाळंतपणाला माहेरी आली तीही हिच्यातूनच. तेव्हा तिची किंमत रुपयांत सांगण्यात अर्थ नाही.

गणपती उठले आणि बॉनेटखालून टिकटिक सुरू झाली. मिस्त्रीने टॅपेट सेट केले. चार दिवस शांतता, पुन्हा टिकटिक. असे तीनदा झाले. मग चढावर गाडी धापा टाकू लागली आणि कार्बोरेटरमधून फटाके फुटू लागले. पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, भंगारात देऊन टाका आता. दिवाळीला नवी घेऊ." मास्तर त्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनीच एका वयस्कर मिस्त्रीला बोलावणे धाडले.

म्हातारबुवांनी फीलरची पट्टी घालून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, तीन वेळा फट बुजवली, तरी ती वाढतेच आहे. याचा अर्थ कुठेतरी लोखंड खाल्लं जातंय. तेल भरपूर आहे, पोचत नाही."

इंजिन उघडल्यावर म्हातारा खरा ठरला. कॅमशाफ्ट म्हणजे टेंगळे असलेला एक दांडा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक टेंगूळ आपल्या टॅपेटला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा वर ढकलते. आणि तेही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर सोसून. हा स्पर्श जेमतेम एका रेघेएवढा. तिथे तेल कसे येते म्हणाल, तर दांड्याच्या बेअरिंगना पंप दाबाने तेल पुरवतो. टेंगळांच्या वाट्याला मात्र क्रँकने उडवलेले शिंतोडे आणि वरून ओघळणारे थेंब. पंगतीतल्या शेवटच्या पानासारखी त्यांची स्थिती! वाढपी जोरात असेल तर पान भरते; तो रेंगाळला की नुसते मीठच.

आमचे मास्तर रोज सकाळी गाडी चालू करून पंधरा मिनिटे अंगणात उभी ठेवत. हेतू हा की, तिला व्यायाम व्हावा. पण उभ्या गाडीत क्रँक सावकाश फिरते, शिंतोडे उडतात थोडे, आणि टेंगळांची घासाघीस तर चालूच राहते. त्यातून चेंबरमधली पंपाची जाळी गाळाने अर्धी बुजलेली.

दुसरे कारण नाजूक होते. चिरंजीवांनी वडिलांसाठी नव्या गाड्यांचे उंची, पातळ तेल आणून दिले होते. जुन्या तेलांत जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग चांगल्या प्रमाणात असे. दाब आणि उष्णता मिळाली की त्याचा लोखंडावर पातळ थर धरतो. मग झिजायचे ते तो थर झिजतो, लोखंड वाचते. परंतु हाच फॉस्फरस धुरातून जाऊन नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००४ साली आणलेल्या 'एस. एम.' प्रतीत पातळ तेलांतला फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणून ठेवला. नव्या इंजिनांचे त्यावाचून अडत नाही. त्यांपैकी पुष्कळांत घासणाऱ्या टॅपेटऐवजी फिरते रोलर असतात. पद्मिनीत ते नाहीत. चिरंजीवांच्या स्नेहात खोट नव्हती. प्रत तेवढी चुकली होती.

मिस्त्रीने केलेली दुरुस्ती ऐकण्यासारखी आहे. चेंबर उतरवून गाळ काढला, जाळी धुतली, पंप तपासला. कॅम नवा घातला आणि त्याबरोबर आठही टॅपेट नवे. जुने टॅपेट ठेवून पैसे वाचवू म्हटले, तर ते नव्या कॅमला खातात. प्रत्येक टेंगळाला मॉलिब्डेनमची पेस्ट चोळली, अगदी उटणे लावावे तशी. मग प्लग काढून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवला, म्हणजे पहिल्या ठिणगीआधीच तेल वर पोचले. इंजिन सुरू होताच वीस मिनिटे मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर ठेवले. आयडलवर क्षणभरही सोडले नाही. नव्या कॅमचे आयुष्य याच वीस मिनिटांत ठरते. त्यानंतर ते तेल काढून नवे भरले : '२० डब्ल्यू ५०', जुन्या इंजिनाला साजेसे.

पुण्याचे चिरंजीव वसुबारसेला आले, तेव्हा टिकटिक गेली होती. त्यांनी एक फेरी मारली आणि नव्या गाडीचे माहितीपत्रक बॅगेतच राहू दिले.

वाचकहो, तुमच्याही दाराशी अशी एखादी जुनी गाडी असेल. टॅपेटची फट पुन्हा पुन्हा वाढत असेल तर ती नुसती बुजवू नका; कॅम किती उचलतो ते डायल गेज लावून मोजायला सांगा. डब्यावरच्या 'नवे, अधिक चांगले' या शब्दांना भुलू नका. तेलात फॉस्फरस किती, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा. अशा गाड्यांना ०.१० ते ०.१२ टक्के मानवतो. आणि रोज उभ्या उभ्या धडधडत ठेवण्यापेक्षा, आठवड्यातून दोनदा तिला चांगली चार कोसांची रपेट घडवा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत न्या. त्यांनाही अंगणातला व्यायाम पुरत नाही.