पडद्यावरच्या गावात काम कोण करतो?

(तृतीय वर्ष, कला)

चित्रपटावर आपल्याकडे सगळेच बोलतात, लिहीत मात्र फारसे कोणी नाही. एखाद्या नटाच्या मारामारीवर कट्ट्यावर तासभर वाद रंगतो. पण वार्षिकांकासाठी लेख मागितला की आम्ही सारे ‘आई’, ‘निसर्ग’ आणि ‘युवकांपुढील आव्हाने’ या विषयांकडे वळतो. म्हणून या वेळी मी पाहिलेल्या काही मराठी चित्रपटांविषयी माझी मते मांडण्याचे ठरवले. ती एका प्रेक्षकाची मते आहेत, समीक्षकाची नव्हेत. प्राध्यापक मंडळींना ती धाडसाची वाटली तर त्यांनी ती खुशाल खोडून काढावीत.

मत देणाऱ्याने आपली कसोटी आधी सांगावी. माझी कसोटी साधी आहे. चित्रपटात गाव दाखवले असेल, तर त्या गावातली माणसे पोटासाठी काय करतात हे मला दिसले पाहिजे. आणि त्या कामावाचून ती गोष्ट पुढे सरकता कामा नये. नाहीतर शेत हे गाण्यापुरते, विहीर ही नायिकेने घागर भरण्यापुरती आणि बैलगाडी पाहुणे आणण्यापुरती उरते.

ही कसोटी मला पुस्तकात सापडली नाही. लिंबागणेश हे बालाघाटच्या डोंगराळ मुलखातले, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. भालचंद्र गणपतीमुळे ते दूरवर ठाऊक आहे. पण बीड जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांना त्यांच्या हत्याराच्या नावाने मोजणाऱ्या जिल्ह्यातला प्रेक्षक पडद्यावर काम शोधणारच.

आता चित्रपटांकडे वळतो.

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना आजही आवडतो. १९३० सालच्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाचे कथाबीज मराठी मातीत त्यांनी इतके रुजवले की ते परके असल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि संध्याबाईंची चंद्रकला यांच्याविषयी मी नव्याने काय लिहावे? मात्र त्यातले गाव मला खरे वाटत नाही. ते गाव मास्तरांच्या शिकवणीने एका दिशेला झुकते आणि तमाशाच्या फडाने दुसऱ्या दिशेला. मधल्या वेळात ते काय पेरते, काय विकते, याचा पत्ता लागत नाही. तमाशातल्या बायकांचा धंदाही बराच काळ केवळ मोह म्हणून समोर येतो. ते त्यांचे रोजचे कष्टाचे काम आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. मास्तर पत गमावून फडात पडेल ते काम करू लागतो, तिथे मात्र हा चित्रपट माझ्या कसोटीला उतरतो. तिकडे गावात त्याच्या पुतळ्याची पूजा चालते आणि इकडे तो फडामागे राबत असतो. त्या दोन गोष्टी शेजारी ठेवण्यात शांतारामबापूंची ताकद आहे.

‘सामना’ (१९७४) हा माझ्या मते मराठीतला सर्वांत धीट चित्रपटांपैकी एक. विजय तेंडुलकरांचे लेखन, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे-पाटील आणि पुन्हा लागूंचा मास्तर. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेला होता. दारूच्या आहारी गेलेला एक बेवारस माणूस साखरसम्राटाच्या वाड्यावर येतो आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढे एकच विचारत राहतो. साखरेच्या जोरावर सत्ता कशी उभी राहते आणि ती एका साध्या प्रश्नाने कशी अस्वस्थ होते, हे त्याने ज्या काळात दाखवले त्या काळात ते सोपे नव्हते. माझी तक्रार एवढीच की यात कारखान्याचा धनी आहे, त्याचा दरारा आहे. पण कारखान्यापर्यंत ऊस ज्याच्या डोक्यावरून येतो तो माणूस कथेच्या केंद्रात नाही. कोणी म्हणेल, तो या कथेचा विषयच नाही. कबूल. पण पन्नास वर्षांत दुसऱ्या एखाद्या कथेने तरी त्याला तितक्याच ताकदीने समोर आणायला हवे होते.

शेतीकडे जवळून पाहणारे चित्रपट मराठीत पुढे आले. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) पाहताना डोळे ओले होतात. पण मला तो आवडला तो त्यातल्या हिशेबासाठी. बैल जायबंदी झाला आहे, बटाट्याची लागवड तोंडावर आली आहे आणि नवा बैल घ्यायला पैसे नाहीत. म्हणून जुना बैल विकावा लागणार. मुलाला ते कळत नाही, बापाला कळते. आणि चित्रपट बापाला दुष्ट ठरवत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) विदर्भातली बायको, नवऱ्याने जिवाचे काही बरेवाईट करू नये म्हणून घरच्यांना त्याच्यावर नजर ठेवायला लावते आणि त्याला गोडधोड करून घालते. एवढ्या गंभीर विषयात हसू येते, आणि हसताना आपल्यालाच भीती वाटू लागते. वर्तमानपत्रात ज्याचा आकडा होतो, तो माणूस घरात जेवतो, चिडतो, आभाळाकडे बघतो, हे त्याने दाखवले.

‘देऊळ’ (२०११) हा उमेश कुलकर्णी यांचा चित्रपट देवस्थानाच्या गावात राहणाऱ्या मला वेगळा भिडला. गाय शोधायला गेलेल्या केशाला औदुंबराखाली दत्त दिसतो आणि बघता बघता गावाचे तीर्थक्षेत्र होते. अण्णांच्या मनातला दवाखाना मागे पडतो. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला दुसऱ्या एका चित्रपटासह विभागून मिळाला. तो श्रद्धेची टिंगल करतो हा आक्षेप मला मान्य नाही. केशाची भक्ती त्यात निर्मळ आहे. माझा आक्षेप निराळा आहे. देवळाभोवती दुकाने लागतात तेव्हा चित्रपट त्या दुकानदारांकडे हसून पाहतो. ज्याच्याकडे जमीन नाही, नोकरी नाही, त्याच्यासाठी नारळ-फुलांचे दुकान हा हावरटपणा नसतो. ते वर्षभर गावात राहण्याचे साधन असते. दवाखाना हवाच. पण नारळ विकणाऱ्यालाही कामकरी म्हणून दोन मिनिटे द्यायला हवी होती.

भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ (२०१५) आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. जमीन वनखात्याच्या ताब्यात गेलेला रघू आणि मेंढरांमागे फिरणारे त्याचे कुटुंब यांची ही कथा. बिऱ्हाड हलवणे, मेंढरे मोजणे, रात्री राखण करणे, मुक्कामाच्या गावातल्या दांडग्यांशी नमते घेणे, यांतच नाट्य आहे. बाळूला लग्न करायचे आहे. पण ज्याचा पत्ताच रोज बदलतो त्याला स्थळ कोठून येणार? हा प्रश्न कोणत्याही संवादापेक्षा परिणामकारक ठरतो. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला, आणि तो योग्यच होता. मेंढरांचा आणि माळावरच्या वाऱ्याचा आवाज मी इतका खरा आधी ऐकला नव्हता.

नागराज मंजुळे यांचे दोन चित्रपट आता घेतो, कारण त्यांवरूनच आपल्यात सर्वांत जास्त वाद होतात. ‘फँड्री’त (२०१३) काम हीच जखम आहे. जब्याला शाळेत जायचे आहे, शालूने आपल्याकडे पाहावे असे वाटते. पण गावाने त्याच्या घराला डुकरे धरण्याचे काम लावून दिले आहे. जत्रेत बाकीची पोरे नाचतात तेव्हा तो डोक्यावर दिवा घेऊन उभा असतो. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी थांबते, डुक्कर निसटते. इतके हसवणारे आणि इतके लाजवणारे दृश्य मी दुसरे पाहिलेले नाही. येथे माझी कसोटी मलाच थोडी बदलावी लागते. काम दाखवले एवढ्याने भागत नाही. ते कोणी निवडले आणि कोणावर लादले, हेही दिसावे लागते. शेवटी जब्या फेकतो तो दगड थेट आपल्या दिशेने येतो. तो अंगावर आल्यावर आपण उगीच इकडेतिकडे पाहू नये.

‘सैराट’ (२०१६) पाहिला नाही असा विद्यार्थी या महाविद्यालयात शोधून सापडणार नाही. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर तो आजही लग्नाच्या वरातीत जिवंत आहे. माझे बहुतेक मित्र म्हणतात, “मध्यंतरापर्यंत झकास, पुढे कंटाळा.” माझे मत नेमके उलट आहे. पहिला भाग सुंदर आहे, पण त्यात आर्ची आणि परश्या प्रेमापलीकडे फारसे काही करत नाहीत. तो प्रेमाचा जुनाच खेळ नव्या बोलीत आहे. हैदराबादला गेल्यावर ती दोघे झोपडपट्टीत राहतात, तो डोशाच्या गाडीवर राबतो, ती कारखान्यात बाटल्यांच्या कामाला लागते, परकी भाषा शिकते. घाणीने तिला मळमळते, त्याला संशय येतो, हात उगारला जातो, पुन्हा समेट होतो. पाटलाच्या घरात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी मुलगी मजुरी करून स्वतःचे घर उभे करते, हा खरा बंडाचा भाग आहे. नुसते पळून जाणे त्यापुढे सोपे वाटते. म्हणूनच शेवटची ती मुकी मिनिटे सोसवत नाहीत. जे कष्टाने उभे केले तेच मोडले जाते. दुसरा भाग ज्यांना लांबला असे वाटते त्यांनी तो पुन्हा एकदा गाण्यांची वाट न बघता पाहावा, एवढी विनंती.

या सगळ्या यादीत मेंढपाळ आला, बटाटेवाला शेतकरी आला, डुकरे धरणारा आला, साखरसम्राट आला. ऊस तोडणारा? अनंत महादेवन यांचा ‘बिटरस्वीट’ (२०२०) हा मराठी चित्रपट बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर आहे. हाच विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला होता. चित्रपट दक्षिण कोरियातल्या बुसानच्या महोत्सवात दाखवला गेला. मला तो पाहायला मिळालेला नाही आणि न पाहिलेल्या चित्रपटावर मी मत देणार नाही. आमच्या आयाबहिणींची कथा बुसानच्या प्रेक्षकांनी पाहिली याचा मला आनंदच आहे. पण ती मांजरसुंब्याच्या चौकात, पाटोद्याच्या बाजारात आणि कारखान्याच्या तळावरल्या कोप्यांसमोर पांढरा पडदा बांधून दाखवली जावी, असेही मला वाटते. ज्यांच्यावर चित्रपट निघतो त्यांनी तो बरोबर आहे की चूक, हे सांगितले पाहिजे. मोळी बांधण्याची रीत चुकली तर ती दुसऱ्या कोणाला ओळखू येणार नाही.

कोणी विचारेल, असल्या चित्रपटाला पैसा कोण देणार? याचे उत्तर आपल्या शेजारच्या गुजरातेत आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) दूध उत्पादकांच्या सहकारी चळवळीवर आहे. त्याचे निर्माते होते पाच लाख दूध उत्पादक शेतकरी. प्रत्येकाने दोन रुपये दिले. चित्रपट तयार झाल्यावर गावेच्या गावे तो पाहायला लोटली, कारण तो त्यांच्या मालकीचा होता. २०२४ साली त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवण्यात आली. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगारही लाखांच्या घरात आहेत. त्या वेळच्या दोन रुपयांचे आज वीस धरले, तरी एका कोयत्यामागे चाळीस होतात.

पैशाहून अवघड आहे ते लिहिणे. आपल्या वर्गात दिवाळीनंतर हजेरी घेताना काही नावांपुढे रोज उत्तर येत नाही. सर दोन-तीनदा हाक मारतात आणि पुढच्या नावाकडे जातात. ती मुले उन्हाळ्यात परततात, परीक्षेला बसतात, आणि सहा महिने कोठे होतो हे कोणी विचारत नाही म्हणून सांगतही नाहीत. कथा त्यांच्याजवळ आहे. मराठी विभागाने पुढच्या वर्षी निबंधस्पर्धेऐवजी पटकथेची स्पर्धा ठेवावी, आणि तिची तारीख पट्टा पडल्यानंतरची असावी, अशी माझी सूचना आहे.