टिकीट आपलं, जीव त्याचा

तर मंडळी, आज जरा वर बघूया. वर म्हणजे अगदी शब्दशः वर, आपल्या ऑफिसच्या गच्चीवर. रोज नऊ-दहा तास आपण ज्या काचेच्या डब्यात बसतो, त्याची एकही खिडकी उघडत नाही हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं असेलच. (नसेल तर सोमवारी उघडून बघा, सिक्युरिटीवाल्यांशी छान ओळख होईल.) मग पाचशे माणसं त्या डब्यात दिवसभर श्वास कशी घेतात? तर गच्चीवर एक भलामोठा पत्र्याचा खोका बसवलेला असतो, त्याच्या कृपेने. त्याला म्हणतात एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेशन युनिट, लाडाने इआरव्ही.

आयडिया मस्त आहे. खोक्यात एक मोठं चाक असतं. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं, मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं, वर ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचा थर. हे चाक मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्या घेत फिरतं. अर्ध्या भागातून आतली वापरलेली थंड हवा बाहेर जाते, उरलेल्या अर्ध्यातून बाहेरची ताजी गरम हवा आत येते. जाणारी हवा जाता जाता चाकाला गार करून जाते आणि ते गार चाक येणाऱ्या हवेची उष्णता काढून घेतं. पावसाळ्यात बाहेरचा दमटपणाही असाच बराचसा बाहेरच राहतो.

आता इंजिनियरांचा ब्लॉग आहे म्हटल्यावर थोडा हिशोब हवाच. अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेच्या ६२.१ मानकाप्रमाणे नेहमीच्या ऑफिसात माणशी सेकंदाला साधारण ८.५ लिटर ताजी हवा लागते. पाचशे माणसांसाठी झाली सव्वाचार हजार लिटर, दर सेकंदाला! पुण्यात मे महिन्यात ही ३८ डिग्रीची हवा २४ वर आणायला फक्त तापमानापोटी साठ-पासष्ट किलोवॅट उष्णता काढावी लागते. चाकाने त्यातली ७० टक्के वाचवली तर ४५ किलोवॅट, म्हणजे बारा-तेरा टनांचा एसी वाचला. म्हणून तर रिसेप्शनवर ग्रीन बिल्डिंगची पाटी झळकते आणि आपण तिच्यासमोर फोटो काढतो.

इथपर्यंत सगळं छान. आता माझं भांडण.

हा खोका चालू ठेवायला कुणीतरी दर महिन्याला वर जातं. फिल्टर बघायला, पट्टा ताणायला, चाक साफ करायला. तो माणूस आपल्या कंपनीचा नसतो, बिल्डिंगवाल्यांचाही नसतो. एएमसी घेतलेल्या ठेकेदाराने ठेवलेल्या उपठेकेदाराचा असतो. त्याच्या सुरक्षिततेवर आपल्या चकाचक ऑफिसात कुणी पाच मिनिटंही घालवत नाही. माझं म्हणणं असं की ही निव्वळ लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि ती दुसऱ्या कुणाची नाही, आपली आहे, कारण त्याला वर पाठवणारं टिकीट आपण टाकतो.

मागे एका क्लायंटच्या बिल्डिंगमध्ये काम होतं. (नाव सांगत नाही, फरक पडत नाही, तुमचीही बिल्डिंग असू शकते.) कॉन्फरन्स रूममध्ये कुणीतरी कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवला होता आणि दुपारी तो १९०० दाखवत होता. बाहेरच्या हवेत हा आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. बसून काम करणारा माणूस सेकंदाला साधारण ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याला ८.५ लिटर ताजी हवा मिळाली तर खोलीतला आकडा हजाराच्या आसपास स्थिरावतो. हवा निम्मी झाली की बाहेरच्यापेक्षा वरचा भाग दुप्पट होतो, म्हणजे सोळाशे. एकोणीसशेला पोचला याचा अर्थ हवा निम्मीही येत नव्हती. मीटिंगमध्ये जांभया येतात त्या नेहमी मॅनेजरमुळेच येतात असं नाही :)

फॅसिलिटीवाल्यांबरोबर मी गच्चीवर गेलो. खोका कुठे बसवला होता? लिफ्टच्या मशीनरूमच्या माथ्यावर. गच्चीला निदान मीटरभर कठडा असतो, या माथ्याला काहीच नव्हतं. चढायला भिंतीला ठोकलेली मंकी लॅडर, ओली आणि गंजलेली. खोक्याचं दार उघडायची बाजू काठापासून हातभर. दार उघडायचं तर दोन पावलं मागे सरकायचं, आणि मागे अकरा मजले. वर एक टेक्निशियन होता, विशीतला पोरगा, पायात स्लिपर.

"दादा, बेल्ट कुठाय?"

"सर, दहा मिनिटांचं काम आहे. बेल्ट बांधायला आहे काय वर?"

त्याचं बरोबर होतं. बेल्ट अडकवायला एक हूकसुद्धा नव्हता. खाली येऊन रजिस्टर पाहिलं. सहा महिन्यांच्या 'फिल्टर साफ केला'च्या टिका एकाच पेनाने, एका बैठकीत केलेल्या. साहजिक आहे हो! पावसात त्या माथ्यावर कोण जाणार? मी तरी गेलो नसतो.

आणि खरी गोम इथेच आहे. सुरक्षितता म्हणजे त्या पोरावर उपकार, दयाबुद्धी, सीएसआर वगैरे काही नाही. जिथे माणूस सुखरूप पोचू शकत नाही तिथलं मशीन सांभाळलं जात नाही. मशीन सांभाळलं नाही की फिल्टर चोंदतो, फिल्टर चोंदला की हवा कमी होते, आणि मग तुमच्या मीटरवर १९०० येतो. बेल्टचा हूक आणि तुमची जांभई एकाच साखळीची दोन टोकं आहेत.

ही साखळी तुटते ती पहिल्याच दिवशी, खोका बसवताना. तिथे काय बघायला हवं ते सांगतो, रॉकेट सायन्स नाहीये.

जागा आधी. अमेरिकेतला इंटरनॅशनल मेकॅनिकल कोड म्हणतो की देखभाल लागणारं मशीन छपराच्या काठापासून १० फुटांच्या आत असेल आणि खाली ३० इंचांपेक्षा जास्त खोल असेल, तर निदान ४२ इंच उंचीचा कठडा पाहिजे. "ते अमेरिकेत हो," असं म्हणणारे भेटतीलच. त्यांना सांगा, गुरुत्वाकर्षण तिथे आणि इथे सारखंच आहे, ९.८. खोका गच्चीच्या मध्यावर आणा, नाहीतर कठडा बांधा. मंकी लॅडरऐवजी धड जिना करा. वाटेत फायबरचे पत्रे असतील तर त्यांवर जाळी टाका, पत्रा दिसतो घट्ट पण माणसाचं वजन घेत नाही. वजनावरून आठवलं, खोका क्रेनने चढवण्याआधी स्लॅब तो पेलणार का हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. आणि पाया करताना ब्रिकबॅट कोबा फोडून ठेवू नका, नाहीतर पहिल्या पावसात खालच्या मजल्यावर सर्व्हर रूममध्ये धबधबा.

मग हवा घ्यायचं तोंड. टॉयलेटच्या एक्झॉस्टपासून, किचनच्या धुरांड्यापासून, डीजी सेटच्या चिमणीपासून लांब. कूलिंग टॉवरच्या फवाऱ्यापासून तर ॲशरेच्या मानकाप्रमाणे निदान २५ फूट. कारण १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अधिवेशनाला जमलेली माणसं न्यूमोनियाने मेली, तेव्हा लेजिओनेला नावाचा जंतू सापडला, आणि त्याला कूलिंग टॉवरचं कोमट पाणी फार आवडतं. डिझेलचा धूर आत ओढून तो चाकावर गार करून पाचशे जणांना वाटणारी 'ग्रीन' बिल्डिंग, हा विनोद कागदावर बरा वाटतो, छातीत नाही.

आता वीज. इथे आपल्या बिरादरीने कान टवकारावेत. युनिट बंद दिसतं म्हणून ते बंद असतं असं नाही. बिल्डिंगच्या कंट्रोल सिस्टीमने ते थांबवलेलं असू शकतं, आणि तिच्या वेळापत्रकाप्रमाणे दोन वाजता ती ते परत सुरू करेल. क्रॉन जॉबच म्हणा ना! चाकाच्या पट्ट्यात हात असलेला माणूस त्या क्रॉन जॉबला दिसत नाही. उपाय जुना आहे. युनिटच्या शेजारीच, नजरेच्या टप्प्यात आयसोलेटर स्विच हवा. काम करणाऱ्याने तो बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, नावाची चिठ्ठी अडकवायची आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. अमेरिकेत १९८९ साली याचा नियम झाला. अहो, हा म्यूटेक्स आहे! ज्या थ्रेडने लॉक घेतला तोच सोडणार. कॉलेजात आपण दहा मार्कांसाठी हे पाठ केलं, आणि गच्चीवर त्या पोराला साठ रुपयांचं कुलूप द्यायला आपल्याकडे बजेट नाही. बरं, स्विच बंद करून लगेच हात घालायचा नाही. पंख्याच्या व्हीएफडीमधले कपॅसिटर नंतरही चार्ज धरून असतात. त्याच्या लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबायचं, मीटर लावून बघायचं, मग पॅनल उघडायचं.

रोजच्या देखभालीतही थोडी अक्कल लागते. फिल्टर कधी बदलायचा हे कॅलेंडर नाही, त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक सांगतो. तो दाखवणारा गेज बसवला की निम्म्या फेऱ्या वाचतात, आणि गच्चीवर न चढलेला माणूस सगळ्यात सुरक्षित. चाकावर प्रेशर पंपाने पाणी मारू नका, आतली नाजूक पोळी चेपतात. व्हॅक्यूम करा, किंवा कंपनीच्या पुस्तिकेत असेल ते करा. आणि कबुतरं! २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. तीच कबुतरं तुमच्या खोक्याच्या तोंडाशी संसार थाटतात. त्यांची वाळलेली विष्ठा झाडूने उडवली की फुफ्फुसात जाते, आणि त्यातून फुफ्फुसाचा चिवट आजार होऊ शकतो. आधी ओली करायची, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालायचे, मग काढायची. तोंडाला जाळी लावली तर ही वेळच येत नाही.

"एवढं सगळं केलं तर एएमसी महाग होईल." हो, होईल. आपल्याकडे प्रॉडक्शन सर्व्हरवर एक ओळ बदलायची तर चेंज रिक्वेस्ट लागते, दोन अप्रूव्हल लागतात, रोलबॅक प्लॅन लागतो, रात्री दोनचा डाउनटाइम लागतो आणि कॉलवर आठ माणसं लागतात. सर्व्हर पडला तर बॅकअपवरून उठतो. अकराव्या मजल्यावरून पडलेल्या पोराचा बॅकअप कुठे घेतलाय? ज्या कंपनीला पहिल्याचा खर्च परवडतो, तिने दुसऱ्याचा परवडत नाही म्हणू नये.

"त्यांना सवय असते हो," हा दुसरा मुद्दा. सवय ओल्या शेवाळाला कळत नाही. उलट हजार वेळा काही झालं नाही म्हणूनच माणूस हजार एकाव्या वेळी स्लिपर घालून चढतो.

आणि तिसरे महाभाग म्हणतात, "कटकट नको, ताजी हवाच बंद करा, वीज पण वाचेल." करोनाने एवढं शिकवूनही! मार्च २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने बंद जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर हवेची शिफारस केली, ती काही हौस म्हणून नाही. फ्रेश एअर बंद करून वाचवलेली वीज म्हणजे हेल्मेट विकून भरलेलं पेट्रोल.

थोडक्यात काय, आपण काही मोर्चा काढणार नाही हे मलाही माहितीये. पण मेल टाकता येतो ना? सोमवारी फॅसिलिटीला पाच प्रश्न विचारा. युनिट काठापासून किती लांब आहे, आणि कठडा आहे का? बेल्ट अडकवायला पक्का हूक आहे का? आयसोलेटर शेजारी आहे का, आणि टेक्निशियनकडे स्वतःचं कुलूप आहे का? तो एकटा चढतो की खाली कुणी सोबत असतं? आणि पाऊस किंवा विजा असताना 'आज वर जाणार नाही' म्हणायची मुभा त्याच्या एसएलएमध्ये लिहिली आहे का?

पाचवा प्रश्न विसरू नका. भर पावसात "एसी नीट चालत नाही, अर्जंट" असं टिकीट टाकून, चार तासांत सुटलं नाही म्हणून एस्कलेट करणारे आपल्यातच आहेत. ते बटण दाबलं की कुणीतरी ती ओली लॅडर चढायला लागतो. एक दिवस चोवीस ऐवजी सव्वीस डिग्रीत बसलं तर कुणी मरत नाही.