पाण्याची रोजकीर्द कोठे आहे?

व्यापारी मनुष्य रोजकीर्द लिहिल्यावाचून दुकान बंद करीत नाही. आज काय आले, काय गेले व शिल्लक काय राहिली, हे ज्यास सांगता येत नाही त्याचा व्यवहार आज ना उद्या बुडावयाचाच, हे बाजारपेठेत पोरासोरांसही ठाऊक असते. शिवाय त्याच्या काट्याची व वजनांची सरकारी पडताळणी ठराविक मुदतीने होते व तीवर शिक्का बसतो. किलोभर साखर नेणाऱ्या गिऱ्हाइकाची गुंजभरही फसवणूक होऊ नये म्हणून कायद्याने एवढी खबरदारी घेतली आहे. परंतु ज्या वस्तूवाचून त्या साखरेचा चहादेखील होत नाही, जी घरातील तान्ह्या मुलापासून अंथरुणास खिळलेल्या वृद्धापर्यंत प्रत्येकाच्या पोटात दिवसातून दहा वेळा जाते, त्या नळाच्या पाण्याची रोजकीर्द कोठे आहे? ती कोण लिहितो, कोण तपासतो व कोणास वाचावयास मिळते? हा प्रश्न आम्ही आज अहिल्यानगर जिल्ह्यातील लहानमोठ्या शहरांच्या नागरिकांपुढे व विशेषतः आमच्या व्यापारी वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमच्या जिल्ह्यात पाण्याविषयी बोलणे कमी होते असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना पाण्यावाचून दुसरे बोलणेच नसते. पण ते सारे बोलणे पाणी किती, एवढ्यापुरतेच. भंडारदऱ्यात किती, मुळा धरणात किती, जायकवाडीस किती सोडावयाचे व आमच्यासाठी किती ठेवावयाचे, याचे भांडण न्यायालयापर्यंत गेले आहे. नळास पाणी किती दिवसांनी येते, हे तर निवडणुकीचे मुख्य प्रकरण. गोदावरीच्या काठी वसलेल्या कोपरगावानेही आठ-आठ दिवसांनी, क्वचित् त्याहूनही उशिरा, नळास पाणी येण्याचे दिवस पाहिले आहेत. आणि काठावर नदी असता घरात घागर रिकामी, यासारखी विटंबना दुसरी नाही, हे आम्हासही मान्य आहे. तथापि तहानेच्या घाईत एक गोष्ट मागे पडली. पाणी आले, एवढ्याने आपले समाधान होऊ लागले. आलेले पाणी कसे आहे, हे विचारण्याची आपली सवयच मोडली.

हे पाणी येते कोठून, ते पाहू. कोपरगावचे पाणी गोदावरीच्या कालव्यांचे. निफाड तालुक्यातील नांदूर-मधमेश्वर येथील बंधाऱ्यापासून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीस पाणी देण्याकरिता ते खोदले गेले; शहरांस पाणी पाजणे हे काम त्यांजवर मागाहून आले. गंगापूर धरणातून सोडलेले पाणी नाशिक शहरातून वाहत या बंधाऱ्याकडे येते, आणि दारणेचे पाणीही त्यास येऊन मिळते. नाशिकसारख्या वाढत्या शहराचे व तेथील कारखानदारीचे सांडपाणी ज्या नदीत उतरते, त्याच नदीचे पाणी उघड्या कालव्याने गावांमागून गावे ओलांडीत खाली येते. तेही रोज नव्हे, आवर्तनाने. एका आवर्तनाचे पाणी साठवण तलावांत घ्यावयाचे व पुढील आवर्तनापर्यंत पुरवावयाचे. उन्हाळ्यात तलावाची पातळी उतरते, शेवाळ धरते, पाण्यास वास येऊ लागतो. अशा पाण्यात सेंद्रिय मळ अधिक असल्यामुळे त्यात घातलेले क्लोरीन तो मळच खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणजे हिवाळ्यात जेवढी मात्रा पुरे होते, तेवढीच वैशाखात पुरेल असे नाही. म्हणूनच अंदाजाने पावडर ओतून भागत नाही, तर रोज मोजावे लागते.

नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या शहराने हताश व्हावे काय? मुळीच नाही. इ. स. १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यास लागून असलेले आल्टोना हे गाव एल्बे नदीच्या खालच्या अंगास. हॅम्बुर्गची घाण ज्या प्रवाहात मिसळे, त्याच प्रवाहाचे पाणी ते पीत असे. तरीही आल्टोना जवळजवळ बचावले. दोन्ही शहरांच्या शिवेवरील रस्त्याच्या एका बाजूस रोगी व दुसऱ्या बाजूस निरोगी, असा चमत्कार लोकांनी पाहिला. कारण एवढेच की हॅम्बुर्ग नदीचे पाणी जसेच्या तसे पीत होते आणि आल्टोना ते वाळूतून गाळून पीत होते. पण या कथेचा दुसरा अध्याय अधिक बोधप्रद आहे. पुढच्याच हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने आल्टोनाच्या गाळणीत बिघाड झाला आणि तेथेही पटकीने डोके वर काढले. तेव्हा रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने असा आग्रह धरला की प्रत्येक गाळणीतून निघणाऱ्या पाण्याची परीक्षा दररोज झाली पाहिजे. तात्पर्य, यंत्र बसविले म्हणजे काम संपले असे नव्हे. यंत्र आज काम करीत आहे की नाही, हे आजच पाहिले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की आमच्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी निर्मळ होऊनच बाहेर पडते. ते खरे मानू. पण केंद्रात निर्मळ असलेले पाणी स्वयंपाकघरात निर्मळच असेल, हे कशावरून? जेथे नळ रात्रंदिवस भरलेले असतात, तेथे आतील दाबामुळे फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते, बाहेरची घाण आत येत नाही. आमच्याकडे नळ बहुतेक वेळ रिकामे असतात. पाणी बंद होताच आत पोकळी होते व ती आसपासचा ओलावा ओढून घेते. आणि आसपास काय असते? गटार. ज्या गल्लीत नळ व गटार शेजारी शेजारी, किंवा नळच गटारातून ओलांडून नेलेला, त्या गल्लीत प्रत्येक खाड्याबरोबर गटाराचा अंश नळात जाण्यास वाट मिळते. त्यात पुन्हा घरोघरी नळासच मोटार जोडून पाणी खेचण्याची चाल पडली आहे. त्या मोटारीने शेजाऱ्याचे पाणी तर पळतेच, पण फुटक्या सांध्यातून घाणही जोराने आत येते. जो पाणी अधिक ओढतो, तो विषही अधिक ओढतो.

ही केवळ कल्पनेची भीती नव्हे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले व काही दगावले. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नांदेड, किरकटवाडी या भागांत जीबीएस नावाच्या मज्जातंतूंच्या विकाराने थैमान घातले; संशयित रुग्णांची संख्या दोनशेंच्या वर गेली, आणि संशयाचे बोट पाण्याकडेच वळले. पुण्यासारख्या विद्येच्या व वैद्यकाच्या माहेरघरी जर ही गत, तर तालुक्याच्या गावी साथ आली असता ती साथ आहे हे तरी वेळेवर कळेल काय? गल्लीत चार मुलांस जुलाब झाले तर हवा बदलली म्हणावयाचे, दोघांस विषमज्वर आला तर नशीब म्हणावयाचे, आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात उभे राहावयाचे. ही आपली रीत.

पाणी कसे असावे याविषयी संदिग्धता मुळीच नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक ठरलेले आहे. शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील ई-कोलाय जंतू एकही सापडता कामा नये. नळाच्या तोंडाशी प्रत्येक लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे, असे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा सांगतो. आणि पुरवठा या शब्दाचा अर्थ ज्याने माणूस जगेल ते पाणी पुरविणे, असाच घेतला पाहिजे. ग्रामपंचायतींना तर त्यांच्या पाण्याच्या स्थितीप्रमाणे लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. खेड्यास जो न्याय, तो शहरास का नसावा?

यावर आक्षेप येतात ते असे. पहिला, आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील. आम्ही म्हणतो, आकडे न मिळाल्यानेच लोक घाबरले आहेत. गल्लोगल्ली थंड पाण्याचे जार पोहोचविणाऱ्या टेम्पोंची जी रांग दिसते, ती या भीतीचीच मिरवणूक नव्हे काय? दुसरा आक्षेप, लोकांस त्यातले काय कळते? ज्या लोकांस सोन्याचा कस, कांद्याचा भाव व व्याजाचा दर कळतो, त्यांस ०.२ हा आकडा कळणार नाही, हे आम्हास पटत नाही. तिसरा आक्षेप पैशाचा. पण शिल्लक क्लोरीन तपासण्यास थोडे पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचे काही थेंब टाकावे लागतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, न झाले तर नाही. हे काम चार इयत्ता शिकलेला माणूस क्षणभरात करू शकतो. एका स्वागतकमानीच्या खर्चात अशा परीक्षा वर्षानुवर्षे चालतील.

जारचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. ज्याच्या गाठी पैसा आहे तो घरी यंत्र बसवितो किंवा जार मागवितो, आणि नळाच्या पाण्याची फिकीर सोडून देतो. सीलबंद नसलेल्या जारचे पाणी कोणी तपासले, हेही तो विचारीत नाही. परंतु हमालाने, मोलकरणीने, झोपडीतील बाळंतिणीने काय करावे? जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला; १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला. पाणी सर्वांचे, हे तत्त्व या महाराष्ट्राने मोठ्या झगड्याने मिळविले. ते आता पैशाच्या वाटेने मागल्या दाराने हिरावले जात असेल, आणि श्रीमंताचे पाणी निराळे व गरिबाचे निराळे अशी नवी शिवाशिव उभी राहत असेल, तर सुधारणेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी स्वस्थ बसणे शोभत नाही. गावातील वजनदार माणसे जोवर नळाचे पाणी पीत होती, तोवर नळाची काळजी घेणारा कोणी तरी होता. ती बाजूस होताच नळाचा वाली नाहीसा झाला.

म्हणून आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. शुद्धीकरण केंद्र, प्रत्येक जलकुंभ आणि प्रत्येक प्रभागातील शेवटच्या टोकाचे दोन नळ येथील शिल्लक क्लोरीन पाणी सुटेल त्या प्रत्येक दिवशी मोजावे, आणि तारीख, वेळ व मोजणाराची सही यांसह तो आकडा नगरपरिषदेच्या दारावरील फलकावर व मुख्य चौकात लिहावा. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, त्यावरही धाडावा. जंतूंची परीक्षा महिन्यातून एकदा तरी सरकारी प्रयोगशाळेत करवून तिचा दाखला जसाच्या तसा प्रसिद्ध करावा. आकडा कमी निघाला तर तो लपवू नये. त्यापुढे काय उपाय केला व किती तासांत केला, याचा रकाना असावा. नळ व गटार जेथे एकत्र येतात त्या जागांचा नकाशा करून त्या एकामागून एक दुरुस्त कराव्या. आणि नदीच्या वरच्या अंगाविषयी कोपरगाव, राहाता, शिर्डी या कालव्यावर अवलंबून असलेल्या शहरांनी एकमुखाने नाशिककडे मागणी करावी की तुमच्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे आकडे आम्हास नियमितपणे कळवीत जा. २०२७ साली नाशिकास सिंहस्थ कुंभमेळा भरावयाचा आहे. लक्षावधी भाविकांच्या स्नानाची चिंता सरकार वाहील, पण त्याच प्रवाहाचे पाणी पिणाऱ्यांची चिंताही त्याच यादीत असावी.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. नळास जोडलेल्या मोटारी काढाव्या, आणि पहिली मोटार नगरसेवकाच्या घरची निघावी. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यास भरू नये, ते धुण्यास वापरावे. घरातील टाकी वेळच्या वेळी घासावी, संशय असल्यास पाणी उकळून घ्यावे. गळका नळ दिसला तर कळवावे, व दुरुस्त होईपर्यंत पिच्छा सोडू नये.

दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती असलेल्या नगरपरिषदांच्या निवडणुका २०२५ च्या अखेरीस लागल्या. निवडून आलेल्यांस आपण रस्ता मागू, दिवे मागू, बाग मागू, आणि ते सर्व मागणे रास्तही आहे. पण त्या सर्वांआधी एक खडूचा फलक मागावा. व्यापारी संघांनी या कामी पुढाकार घ्यावा, अशी आमची त्यांस विनंती आहे. कारण हिशेब मागण्याची विद्या त्यांच्या इतकी कोणासच अवगत नाही. जो दुकानदार मुनिमास एका रुपयाची चूक माफ करीत नाही, त्याने आपल्या मुलाच्या पेल्यातील पाण्याचा हिशेब न मागावा, हे आश्चर्य आता पुरे झाले. नगरपरिषदेने वही उघडावी, आणि गावाने ती रोज वाचावी.