रवांडाला जाताय? ‘बघून घेऊ’ ही सवय नागपुरातच ठेवा

नागपूर : ताडोबा झाला, पेंच झाले, उमरेड-कऱ्हांडला तर पाठच झाले. आता पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या नागपूरकर वन्यजीवप्रेमींना रवांडा हे नाव मोहात पाडते. पूर्व आफ्रिकेतला हा देश अवघा २६,३३८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे विदर्भाच्या एक तृतीयांशापेक्षाही लहान. डोंगराळ, हिरवा आणि भर उन्हाळ्यातही आल्हाददायक. मात्र तिथे एक गोष्ट चालत नाही, ती म्हणजे ‘वेळेवर बघून घेऊ’. हा देश नियमांवर चालतो आणि त्याची तयारी नागपुरातूनच करावी लागते.

तिकिटाआधी लस

बहुतेक जण आधी तिकीट काढतात आणि लसीचे शेवटच्या आठवड्यात आठवते. इथेच गडबड होते. यलो फीवर म्हणजे पीतज्वराची लस घेतल्यानंतर तिचे प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. ही लस फॅमिली डॉक्टरकडे मिळत नाही, फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते. तिथले वार आणि वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे महिनाभर आधी चौकशी करावी. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध आहे. साठीपुढच्या व्यक्तींनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबतही त्याच वेळी विचारून घ्यावे.

खरी कसोटी जाताना नव्हे, परतताना लागते. रवांडा, युगांडा, केनिया, इथिओपिया हे देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. तिथून प्रमाणपत्राशिवाय परतलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते.

अनेकांना हा कागदी छळ वाटतो. पण भारतात पीतज्वर नाही आणि तो पसरवणारा एडिस डास मात्र भरपूर आहे. नागपूरकरांना हा डास नवा नाही. कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यात वाढणारा, डेंग्यू देणारा तोच हा. आजार घेऊन आलेला एक प्रवासी आणि गल्लीतले भरलेले कूलर, एवढे पुरेसे ठरू शकते. म्हणून ते पिवळे कार्ड प्रवाशाइतकेच त्याच्या शेजाऱ्यांसाठीही असते.

व्हिसा, पैसे, प्रवास

रवांडाने २०१८ पासून सर्व देशांच्या नागरिकांना विमानतळावर व्हिसा देण्यास सुरुवात केली. शुल्काचे नियम बदलत असतात, त्यामुळे तिथल्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर ते तपासूनच निघावे. युगांडा आणि केनियाही पाहायचे असेल तर तिन्ही देशांसाठी ९० दिवसांचा एकत्रित पर्यटक व्हिसा १०० डॉलरला मिळतो. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे अदिस अबाबा, नैरोबी अथवा दोहामार्गे किगालीला जाता येते. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न दुमडलेल्या घ्याव्यात, जुन्या नोटा पूर्व आफ्रिकेत अनेक ठिकाणी नाकारल्या जातात.

राजधानी किगाली सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, म्हणून एक स्वेटर हवाच. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा रस्ता ओलांडताना नागपूरची सवय विसरावी. मोटो म्हणजे दुचाकी टॅक्सीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते.

पिशवी घरीच ठेवा

रवांडात २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. विमानतळावर पिशव्या काढून घेतल्या जातात. संत्रा बर्फी न्यायचीच असेल तर डब्यात आणि कापडी पिशवीत न्यावी. महाराष्ट्रातही २०१८ पासून बंदी आहेच, पण भाजीबाजारात एक फेरी मारली की फरक कळतो.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ८ ते ११ या वेळेत ‘उमुगांडा’ म्हणजे सार्वजनिक श्रमदान असते. दुकाने बंद, रस्ते सामसूम. त्या सकाळी प्रवास ठेवू नये.

गोरिला : सव्वा लाखाचा एक तास

व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानातील माउंटन गोरिला पाहण्याचे परमिट २०१७ मध्ये ७५० वरून १,५०० डॉलर झाले. म्हणजे माणशी सव्वा लाख रुपयांहून अधिक. गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला फक्त आठ पर्यटक आणि वेळ एक तास. १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. सर्दी-खोकला असेल तरीही नाही, कारण माणसाचा संसर्ग गोरिलांना होऊ शकतो. बजेट कमी असेल तर अकागेरा उद्यानाचा पर्याय आहे. तिथे २०१५ मध्ये सिंह आणि २०१७ मध्ये काळे गेंडे पुन्हा आणण्यात आले.

आता नागपूरजवळचे चित्र आठवून पाहा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या बछड्यांना सफारीच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी घेरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत बसलेले पर्यटक आपल्यासारखेच होते.

रवांडाकडून घ्यायचे ते दर नव्हेत. सव्वा लाखाचे तिकीट लावले तर उमरेडचा वाघ उमरेडच्याच माणसाला दिसणार नाही. घ्यायची ती मर्यादा : माणसे किती, वेळ किती आणि अंतर किती, हे आधी ठरवायचे आणि कुणासाठीही मोडायचे नाही. पर्यटनाच्या उत्पन्नातील १० टक्के वाटा उद्यानांभोवतीच्या गावांना देण्याचे रवांडाचे धोरणही विचार करण्यासारखे आहे.

हा प्रश्न विचारू नका

१९९४ मध्ये सुमारे १०० दिवसांत या देशात आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. बळी पडलेले प्रामुख्याने तुत्सी होते. किगालीच्या गिसोझी येथील स्मारकात अडीच लाखांहून अधिक जण विसावले आहेत. तिथे किमान दोन तास द्यावेत. ड्रायव्हर, गाईड किंवा हॉटेलातील कर्मचाऱ्याला ‘तुम्ही हुतू की तुत्सी?’ असे मात्र चुकूनही विचारू नये. ७ एप्रिलपासून स्मृती सप्ताह असतो, त्या काळात मौजमजेचे बेत आखू नयेत.

निघण्यापूर्वी तपासा

• लसीचे मूळ प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवले का?
• गोरिला परमिट तिकिटाआधी पक्के केले का?
• प्रवास विमा घेतला का?
• काँगोच्या सीमेलगतच्या परिस्थितीबाबत किगालीतील भारतीय उच्चायुक्तालयाच्या ताज्या सूचना वाचल्या का? पूर्व काँगोतील संघर्षामुळे त्या भागात जाणे टाळलेलेच बरे.

एवढी तयारी करून गेलेल्या नागपूरकराला तिथले नियम जाचक वाटणार नाहीत. परतल्यावर तोच उमरेडच्या सफारीत ड्रायव्हरला ‘जरा पुढे घ्या ना’ म्हणण्याऐवजी ‘गाडी मागे घ्या’ म्हणाला, तर सहल कारणी लागली.