आमचा आवाज कोणाच्या स्वाधीन?

पावसाळ्यात कृष्णामाई नृसिंहवाडीच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून चढू लागते, देवालयात शिरते, श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाची पर्वणी साधण्यासाठी कोल्हापूर-सांगलीपासून बेळगाव-विजापूरपर्यंतचे भाविक कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडे धाव घेतात. परंतु पाणी आणखी हातभर वाढले, की या भक्तिभावाचे रूपांतर काळजीत होते. कोयनेतून किती पाणी सोडले? अलमट्टीतून किती पुढे जात आहे? राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीवर आहे, की 43 फुटांची धोक्याची रेषा तिने ओलांडली? शिरोळ तालुक्यातील घराघरांत त्या घटकेस याखेरीज दुसरा प्रश्न नसतो. 2019 आणि 2021 या दोन्ही सालच्या महापुरांनी हा अनुभव या भागाला पुरेपूर दिला आहे. रस्ते पाण्याखाली जातात, वीज जाते, भ्रमणध्वनी मुके होतात. अशा वेळी सेलवर चालणारा एखादा जुना रेडिओ हाच बाहेरच्या जगाशी उरलेला धागा असतो. आणि तो धागा मराठीत बोलणारा असावा, जवळच्या गावांची नावे नीट उच्चारणारा असावा, एवढीच माणसाची अपेक्षा असते.

त्या रेडिओवर कोणी बोलावे, कोणत्या भाषेत बोलावे, कोणत्या गावाहून बोलावे, हे ठरविणारा माणूस कोण? तो कोणी निवडला? निवडण्यापूर्वी त्याला चार प्रश्न कोणी विचारले काय? आजच्या लेखात आम्ही या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रथम एका दूरच्या देशाचे उदाहरण घेऊ. ब्रिटनमधील वेल्स या चिमुकल्या प्रांतात 2021 च्या शिरगणतीप्रमाणे वेल्श भाषा बोलणारांची संख्या सुमारे 5 लाख 38 हजार, म्हणजे तेथील वस्तीच्या शेकडा 17.8 आहे. आपल्या एका मोठ्या शहरातही याहून अधिक मराठी माणसे सापडतील. तरीही या भाषेची स्वतंत्र सार्वजनिक दूरचित्रवाणी 1982 पासून चालू आहे. ती फुकट मिळालेली नाही. दिलेले वचन सरकारने फिरविले, तेव्हा ग्विन्फॉर इव्हान्स या वृद्ध नेत्याने 1980 साली आमरण उपोषणाचा निर्धार जाहीर केला आणि थॅचरबाईंच्या सरकारला आपला निर्णय मागे घ्यावा लागला. आज या संस्थेचा अध्यक्ष नेमावयाचा झाला, की सरकारने पसंत केलेल्या उमेदवारास पार्लमेंटच्या वेल्सविषयक समितीपुढे उभे राहावे लागते. समितीचे सभासद त्याला जाहीरपणे प्रश्न विचारतात आणि आपले मत लेखी अहवालाने लोकांपुढे ठेवतात. हे मत सरकारवर बंधनकारक नसते. परंतु जे मत सर्वांनी वाचले आहे ते डावलताना कोणत्याही मंत्र्याला दहा वेळा विचार करावा लागतो.

ही पद्धत म्हणजे रामबाण औषध आहे, असा भ्रम आम्हांला नाही. 2020 साली अशाच तपासणीतून गेलेल्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत संस्थेच्या अंतर्गत कारभारासंबंधी गंभीर तक्रारी झाल्या, 2023 मध्ये मुख्य अधिकाऱ्यांना दूर करण्याची पाळी आली आणि 2024 मध्ये अध्यक्षही पायउतार झाले. चाळणीतून खडा गेला, म्हणून कोणी चाळण फेकून देत नाही. शिवाय, काय बिघडले आणि का बिघडले याची चर्चाही तेथे पार्लमेंटच्या समितीपुढे उघड्यावर झाली, हा भाग विसरता येत नाही.

आता आपल्या घरात डोकावू. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांचा कारभार ज्या प्रसारभारती महामंडळाकडे आहे, त्याचा कायदा 1990 साली संसदेने मंजूर केला. तो अमलात यावयास 1997 चा सप्टेंबर उजाडला आणि नोव्हेंबरात महामंडळ अस्तित्वात आले. मध्यंतरी, 1995 साली, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती कोणा सरकारची वा कोणा धनिकाची मिरास नव्हे, असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला होता. तो मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचेच सुपुत्र होते, याचा आम्हांला सार्थ अभिमान वाटतो.

या कायद्याप्रमाणे महामंडळाच्या अध्यक्षाची शिफारस तीन जणांची समिती करते: राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक प्रतिनिधी. समितीवरील पदे मोठ्या मानाची आहेत. परंतु उमेदवाराला जाहीर प्रश्न विचारण्याची तरतूद तेथे नाही. नेमणुकीचा हुकूम निघतो तेव्हा जनतेला नाव कळते. आमच्यातील ज्यांनी उमेदीची वर्षे शाळेत खडू-फळ्याच्या सहवासात काढली, त्यांना हा प्रकार प्रश्नपत्रिका न काढताच निकाल लावण्यासारखा वाटतो. पेपर न पाहताही मुलगा हुशार असू शकतो, हे कबूल. परंतु तो हुशार आहे हे वर्गाला कसे कळावे?

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. याच कायद्याच्या तेराव्या कलमात संसदेच्या 22 सभासदांची एक समिती सांगितली आहे. त्यांपैकी 15 लोकसभेने आणि 7 राज्यसभेने निवडून द्यावयाचे. महामंडळ आपली उद्दिष्टे पाळते की नाही, यावर देखरेख करून संसदेला अहवाल देणे हे तिचे काम. त्या उद्दिष्टांत देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसे स्थान देणे, हे कलम बारामध्ये स्वच्छ शब्दांत नोंदलेले आहे. म्हणजे मराठी, कन्नड, कोंकणी यांच्या वाट्याला काय येते, हे विचारणारी संसदीय समिती कायद्याने केव्हाच दिलेली आहे. ती मात्र कागदावरच राहिली. सरकारे आली आणि गेली, निरनिराळ्या रंगांची आली, पण या एका बाबतीत सर्वांचे विलक्षण एकमत दिसून आले. त्यातही कळस असा, की फेब्रुवारी 2020 पासून मार्च 2024 पर्यंत महामंडळाला पूर्णवेळ निवडलेला अध्यक्षच नव्हता. चार वर्षे धन्याची खुर्ची रिकामी राहते आणि गावात कोणाला त्याचा पत्ताही नसतो, याचा अर्थ ती खुर्ची आपली आहे असे गावाला कधी वाटलेच नाही.

खुर्चीवरील माणसाने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. आपल्याच इतिहासात दोन चोख उत्तरे आहेत. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण केसकर हे विद्वान, निःस्पृह आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या आग्रहाने अनेक थोर गवयांना आकाशवाणीचे दार उघडले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण सिनेमातील गाणी त्यांना आवडत नव्हती, म्हणून ती जवळजवळ हद्दपार झाली. आणि देशातील श्रोता रेडिओचा काटा फिरवून सिलोनला जाऊन बसला. त्याला परत आणण्यासाठी 1957 साली विविधभारती काढावी लागली. एका सज्जन माणसाची अभिरुची कोट्यवधींवर कशी लादली जाते, याचा हा धडा होय.

दुसरे उदाहरण अधिक आनंदाचे. 1955 साली पुणे केंद्रावर सीताकांत लाड या अधिकाऱ्यांनी गजानन माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या हाती एक वर्षभराचे काम सोपविले. त्या वर्षीच्या रामनवमीस, 1 एप्रिलला, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले आणि अधिक मास धरून 56 गीते आठवड्यामागून आठवडा महाराष्ट्राने ऐकली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना आजही आठवत असतील. हे दिल्लीच्या परिपत्रकातून जन्मले नाही. मराठी कवी कोण, मराठी कान कसा, हे जाणणारा माणूस निर्णयाच्या जागी होता आणि निर्णय घेण्याची मुभा त्याला होती, म्हणून ते घडले.

त्याच पुणे केंद्राची जून 2023 मधील कथा ताजी आहे. तेथील प्रादेशिक वृत्तविभागाचे काम बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्याव्यात, असा हुकूम निघाला. लोकांनी ओरड केली, वृत्तपत्रांनी लिहिले, पुढाऱ्यांनी दिल्लीत शब्द टाकला आणि केंद्रीय मंत्र्यांनी निर्णयास स्थगिती दिली. आम्हांला तिचा आनंदच झाला. परंतु आनंदाचा भर ओसरल्यावर मनात आले, की ही तर कृपा झाली. हक्क कोठे आहे? ज्याने हुकूम काढला त्याला कोणी विचारले नाही, ज्याने तो थांबविला त्यालाही कोणी कारण मागितले नाही. उद्या हाच हुकूम दुसऱ्या एखाद्या केंद्राच्या वाट्याला आला आणि त्या दिवशी शब्द टाकणारा कोणी दिल्लीत नसला, तर? 1963 पासून कृष्णाकाठाला साथ देणारे सांगली केंद्र पुण्याइतक्या मोठ्याने ओरडू शकेल काय?

या मागणीवर काही आक्षेप येतील, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला असा, की खासदारांच्या हाती तपासणी दिली तर राजकारण शिरेल. आमचे उत्तर असे, की राजकारण शिरावयाचे राहिले आहे कोठे? बंद दाराआडचा निरोप आणि उघड सभेतील प्रश्न या दोहोंपैकी अधिक भयावह कोणता, हे सुज्ञांस सांगावयास नको. उघड प्रश्नाला उघड उत्तर देता येते, निरोपाला देता येत नाही. मात्र समितीने नेमणूक आणि धोरण यांपुरतेच प्रश्न विचारावेत. कोणती बातमी द्यावी नि कोणता गवई बोलवावा, यात तिने ढवळाढवळ करता कामा नये; ही मर्यादा आम्हांलाही मान्य आहे.

दुसरा आक्षेप असा, की एवढ्या बहुभाषी देशात भाषेगणिक अध्यक्ष कोठून आणावयाचे? तशी आमची मागणीच नाही. परंतु मुंबई दूरदर्शन 1972 पासून चालू आहे; मराठी वाहिनी 1994 पासून आहे आणि 2000 सालापासून ती सह्याद्री या नावाने ओळखली जाते. 2011 च्या शिरगणतीत 8 कोटी 30 लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदविली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. एवढ्या मोठ्या समाजाची वाहिनी आणि केंद्रे चालविणाऱ्या प्रमुखाने आपले धोरण काय, पैसा किती, नवे काय करणार, हे वर्षातून एकदा लोकप्रतिनिधींसमोर मांडावे, ही अपेक्षा अवास्तव कशी म्हणता येईल? अभिजातपणाचा मुकुट मिरवावयाचा आणि घरचा रेडिओ मुका व्हावयाचा, ही स्थिती म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

तिसरा आक्षेप, खासगी मराठी वाहिन्या उदंड आहेत, मग सरकारी खटाटोप कशाला? खासगी वाहिन्यांनी मराठीची काही सेवा केली आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण जाहिरातदार जेथे नाही तेथे त्या फिरकत नाहीत, आणि शिरोळच्या पुरात अडकलेल्या शेतकऱ्याला त्या क्षणी काही विकत घ्यावयाचे नसते. ज्याच्यापासून नफा नाही त्याच्यासाठी बोलणे, हेच तर सार्वजनिक ध्वनिक्षेपणाचे प्रयोजन होय.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रमुख मराठीच कुळातला हवा, असा संकुचित हट्ट आम्ही धरीत नाही. ज्या श्रीनृसिंहसरस्वतींचे वास्तव्य नृसिंहवाडीस बारा वर्षे होते असे परंपरा सांगते, त्यांचे ‘गुरुचरित्र’ लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांनी आपल्याला मराठी येत नाही, अशी नम्र कबुली आपल्याच ग्रंथात दिली आहे. तरीही मराठी घराघरांत त्या ग्रंथाची पारायणे होतात. भाषा जन्माने येते तशी निष्ठेनेही येते. म्हणून उमेदवाराला त्याची जात, गाव, पक्ष विचारू नका. या भाषेसाठी तू काय करणार आहेस, एवढेच विचारा; पण ते सर्वांसमक्ष विचारा.

आमची मागणी साधी आहे. कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे संसदेने आपली समिती निवडावी. महामंडळाच्या अध्यक्षाने पद स्वीकारण्यापूर्वी या समितीपुढे जाहीर उत्तरे द्यावीत, असा दंडक घालावा. आणि मराठी केंद्रे बंद करणे, हलविणे किंवा त्यांच्या बातम्या कमी करणे यांसारखा कोणताही निर्णय समितीला लेखी कारणे दिल्याविना अमलात येऊ नये. यातील पहिल्या गोष्टीस नवा कायदा करावा लागत नाही, इच्छा तेवढी लागते.

महाराष्ट्रातून लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 असे 67 सभासद जातात. त्यांपैकी प्रत्येकाने निवडणुकीत मराठीच्या नावाने आवाज चढविलेला आहे. त्यांनी येत्या अधिवेशनात हा एकच प्रश्न विचारावा: तेराव्या कलमातील समिती कोठे आहे? आणि वाचकांनीही आपापल्या खासदारास एक पत्र टाकून हाच प्रश्न विचारावा. वेल्समधील पाच लाखांना जे साधले, ते आम्हां आठ कोटींना अशक्य नाही. कृष्णेचे पाणी पायरीपर्यंत येण्याची वाट पाहून मग घर सोडावयाचे नसते, हे नृसिंहवाडीच्या लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. तो शहाणपणा बाकीच्या महाराष्ट्रानेही आता शिकावा.